भुकेचा निरोप

जाड बाई दिसली की आपण पटकन म्हणतो, "हिचा तोंडावर ताबा नाही." पण भूक लागणं आणि पोट भरल्यासारखं वाटणं, हे फक्त मनावर असतं का? याचा शोध उंदरांपासून सुरू झाला.

१९४९ साली अमेरिकेतल्या बार हार्बर गावी, जॅक्सन प्रयोगशाळेत, काही उंदीर भलतेच लठ्ठ निघाले. खा खा सुटल्यासारखे ते खात राहायचे. पुढे तिथल्या डग्लस कोलमन यांनी असा लठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर शस्त्रक्रियेने जोडले, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात जाईल. आणि लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं! साध्या उंदराच्या रक्तात 'आता पुरे' असा निरोप होता. लठ्ठ उंदराच्या अंगात तो तयारच होत नव्हता.

हा निरोप्या कोण, ते १९९४ मध्ये कळलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रिडमन यांच्या गटाला त्याचं जनुक सापडलं. हार्मोनला नाव दिलं लेप्टिन. ते आपल्या चरबीतच तयार होतं आणि साठा किती आहे, ते मेंदूला कळवतं.

१९९७ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या डॉक्टरांना एकाच कुटुंबातली दोन मुलं आढळली. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. दोघांच्याही अंगात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. इंजेक्शनं सुरू केल्यावर मुलीची भूक आवरली आणि वर्षभरात १६ किलोंहून जास्त वजन उतरलं. लेकराला खादाड म्हणणारे चुकले होते.

पण हे इंजेक्शन सगळ्यांसाठी नाही. असा दोष फार विरळा. बहुतेक जाड माणसांत लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच त्याला नीट दाद देत नाही. शिवाय उपाशी राहून वजन घटवलं की लेप्टिनही घटतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो, शरीर काटकसर करू लागतं, आणि उतरलेलं वजन पुन्हा चढतं.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कुणाच्या ताटाकडे बघून टोमणा मारू नका. वजन वाढलेल्या मैत्रिणीसोबत दवाखान्यात जा, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. उपासाने झटपट बारीक होण्यापेक्षा रोजचं जेवण आणि चालणं हळूहळू सुधारा.