वचनाची किंमत

नुसता शब्द दिला, एवढ्यावरून न्यायालय तो पाळावयास लावील काय? ऑक्सफर्ड येथे १८८३ ते १९०३ विधिशास्त्राचे प्राध्यापक असलेले सर फ्रेडरिक पोलॉक (१८४५–१९३७) यांनी या प्रश्नाचा नेमका उलगडा केला. प्रतिफल म्हणजे दुसऱ्याचे वचन विकत घेण्यासाठी मोजलेली किंमत, ही त्यांची व्याख्या १९१५ मध्ये डनलॉप खटल्यात लॉर्ड डनेडिन यांनी स्वीकारली. इंग्लंडात ती किंमत वचन घेणाऱ्यानेच मोजावी लागे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने मात्र, वचन देणाऱ्याची इच्छा असल्यास, तिऱ्हाइताने मोजलेलीही चालते. त्याच कायद्यावरील, मुंबईच्या दिनशा मुल्लांसह लिहिलेले पोलॉक यांचे भाष्य १९०५ साली निघाले. ‘पोलॉक-मुल्ला’ हे जोडनाव भारतीय न्यायालयांत आजही घेतले जाते. अध्यापकाच्या श्रमांना याहून मोठे प्रतिफल ते कोणते?