चरोतरचें दूध

मुंबईचा गृहस्थ सकाळीं चहांत दूध ओततो तेव्हां तें कोणाच्या गोठ्यांतून आलें हा विचार त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. दूध वेळेवर आलें आणि त्यांत पाणी कमी असलें कीं त्याचें समाधान होतें. या निष्काळजीपणाबद्दल आम्ही त्यास दोष देत नाहीं. परंतु १९४६ सालीं एका जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं पंधरा दिवस मुंबईसाठीं दूध घालण्याचें नाकारलें, आणि त्या पंधरवड्यांतून पुढें हिंदुस्थानांतील दुधाच्या सर्व व्यापारास निराळें वळण लागलें. ही गुजराथची हकीकत म्हणून मराठी वाचकानें ती बाजूस ठेवण्याचें कारण नाहीं. खेडा जिल्हा १९६० पर्यंत मुंबईच्या राज्यकारभाराखालींच होता, आणि ज्या शहरासाठीं हा सर्व खटाटोप झाला तें आपलेंच.

खेडा जिल्ह्यांतील सुपीक भागास चरोतर म्हणतात. तंबाखू आणि बाजरी हीं तेथलीं पिकें, आणि दारांत एक-दोन म्हशी. पीक वर्षांतून एक-दोनदां पैसा देतें, तर म्हैस रोज देते. म्हणून ज्याची जमीन थोडी, त्याचा संसार म्हशीवर अधिक. पण दूध हा माल मोठा विचित्र आहे. धान्याचा भाव पडला तर शेतकरी कणगी बंद करून दोन महिने थांबूं शकतो. दूध चार तास थांबत नाहीं. उन्हाळ्याच्या दिवसांत तें घेणाऱ्याच्या दारांत नासूं लागतें, आणि घेणारा एकच असला म्हणजे तो देईल तो भाव आणि त्याचें माप ब्रह्मवाक्य ठरतें. आमच्या मतें खेड्याच्या सगळ्या तंट्याचें मूळ येथें आहे.

तेथें हा एकच घेणारा म्हणजे पॉलसन कंपनी. पेस्तनजी एदलजी दलाल यांनीं प्रथम कॉफीच्या धंद्यांत नांव मिळविलें, आणि १९३० मध्यें आणंद येथें लोणी काढण्याचा कारखाना उभा केला. या कंपनीचें लोणी इतकें प्रसिद्ध झालें कीं खुशामत करण्यास ‘पॉलसन लावणें’ म्हणण्याची चाल मुंबईच्या विद्यार्थ्यांत पडली. मालाच्या लौकिकाची याहून मोठी पावती कोणती! युद्धकाळांत सैन्याच्या मागणीमुळें तिचा व्याप वाढला. १९४५ सालीं मुंबई सरकारनें शहरास चांगलें दूध पुरविण्याची योजना हातीं घेतली, तेव्हां खेडा जिल्ह्यांतील दूध गोळा करून, आणंदला तापवून व थंड करून, चारशें किलोमीटरांहून अधिक अंतर आगगाडीनें पाठविण्याचें काम याच कंपनीकडे आलें. त्याबरोबर दूध खरेदीचा मक्ताही तिला मिळाला.

या कंपनीस कथेंतील राक्षस ठरविण्याचा मोह पुष्कळांस होतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. जेथें दुग्धशाळा नव्हती तेथें तिनें ती काढली, हें खरेंच आहे. दोष कराराच्या रचनेंत होता. सरकारास दूध मिळालें, कंपनीस नफा मिळाला, गांवोगांव दूध जमविणाऱ्या ठेकेदारांस दलाली मिळाली; मात्र ज्याची म्हैस त्यास वाढलेल्या किंमतीचा वांटा पोहोंचला नाहीं, कारण करार झाला तेव्हां तो बैठकींत नव्हता.

शेतकऱ्यांनीं आपलें गाऱ्हाणें वल्लभभाई पटेलांकडे नेलें. वल्लभभाईंचा सल्ला असा कीं, भाव वाढवून मागूं नका, विक्रीच आपल्या हातांत घ्या. सहकारी संघ काढा, आणि सरकार त्याचें दूध घेत नसेल तर कोणासच घालूं नका. त्यांत नुकसान होईल, तें सोसण्याची तयारी आहे काय, हेंही त्यांनीं विचारून घेतलें. नंतर मोरारजी देसाई खेड्यांत आले, आणि ४ जानेवारी १९४६ रोजीं समरखा गांवीं सभा भरून तसा ठराव झाला.

सरकारनें मागणी नाकारली आणि दूध थांबलें. या संपाचें वर्णन पुष्कळदां विजययात्रेच्या थाटांत केलें जातें. परंतु ज्याचे घरीं चार म्हशी व जमीन आहे, तो पंधरा दिवस दुधाचें तूप करून ठेवील. ज्याच्या दारांत एकच म्हैस आणि मिठामिरचीचा खर्च रोजच्या दुधावर, त्याला हे पंधरा दिवस कसे गेले असतील? त्याच्या निमूट सोसण्यावर हा संप टिकला असें आम्ही समजतों. अखेर मुंबईचे दूध-अधिकारी आणंदला आले, आणि सरकारनें संघाची मागणी मान्य केली.

१४ डिसेंबर १९४६ रोजीं खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे गांधीजींच्या चळवळींत तुरुंग भोगलेले गृहस्थ. गांवोगांव फिरून लोकांस समजावण्याचें काम त्यांनीं केलें. १९४८ च्या जूनमध्यें मुंबईस दूध जाऊं लागलें तेव्हां सोसायट्या दोन आणि दूध रोज सुमारें अडीचशें लिटर. वर्षअखेर ४३२ सभासद व रोज पांच हजार लिटर अशी वाढ झाली. १३ मे १९४९ रोजीं व्हर्गीस कुरियन हे तरुण अभियंते सरकारी नोकरीच्या बंधनामुळें, मनाविरुद्ध, आणंदास आले; त्रिभुवनदासांनीं त्यांस थांबवून घेतलें, आणि ते जन्मभर तेथलेच झाले.

या व्यवस्थेचें मर्म सोसायटीच्या दारांत पाहावें. सकाळ-संध्याकाळ दूध आणावयाचें, तें मोजावयाचें, नमुना काढून त्यांतील स्निग्धांश पाहावयाचा आणि त्यावर भाव ठरवावयाचा. सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळीं हातीं पडत. ज्यानें एक लिटर आणलें त्यास जो दर, तोच दहा लिटर आणणाऱ्यास; आणि मत दोघांस एकेकच. पाटीदार असो वा बारैया, रांगेंत जो आधीं आला त्याचें दूध आधीं.

तरी अडचण राहिलीच. हिवाळ्यांत म्हशी उन्हाळ्याच्या मानानें पुष्कळच अधिक दूध देतात, आणि मुंबईची तहान काहीं त्या प्रमाणांत वाढत नाहीं. जादा दूध संघानें नाकारलें तर सभासद पुन्हां ठेकेदाराच्या दारीं. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाहीं असें परदेशीय तज्ज्ञ सांगत, एच. एम. दलाया यांनीं ती करून दाखविली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजीं जवाहरलाल नेहरूंच्या हस्तें भुकटी व लोणी करणारा कारखाना सुरू झाला. याच मालास ‘अमूल’ हें नांव मिळालें. १९६४ मध्यें लालबहादूर शास्त्री यांनीं अजरपुरा गांवीं एक रात्र राहून ही व्यवस्था स्वतः पाहिली. पुढील वर्षीं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ निघालें, आणि १९७० पासून हीच रीत देशभर नेण्यास प्रारंभ झाला. आमच्याकडे कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ १९६३ सालचा.

या इतिहासांत दोन माणसें मात्र कडेला उभीं राहिलीं, त्यांचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस पुढें जावत नाहीं. एक, गांवचा लहान दूधवाला. दहा घरचें दूध सायकलीवर नेऊन चार पैसे मिळविणारा. ठेकेदाराबरोबर तोही मध्यस्थांत मोजला गेला, आणि सोसायटीच्या घटनेंत त्यास जागा नव्हती, कारण त्याची स्वतःची म्हैस नव्हती. दुसरी, खेड्यांतील बाई. पहांटे धार ती काढी, वैरण ती आणी, शेण ती उचली, आणि डोक्यावर भांडें घेऊन रांगेंत तीच उभी राही. सोसायटीच्या वहींत सभासद म्हणून नांव बहुधा नवऱ्याचें असे.