पांझराकाठचे फड

फड हा शब्द उच्चारला की पुण्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे एक तर कुस्तीचा आखाडा उभा राहतो, नाही तर तमाशाची कनात. फार झाले तर उसाचे शेत. साक्री-धुळे भागातील जुन्या शेतकऱ्यास मात्र ह्या शब्दाने निराळीच गोष्ट आठवते. नदीच्या बंधाऱ्यावर भिजणाऱ्या जमिनीपैकी, ज्यात एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे असा सलग तुकडा म्हणजे फड. आणि असल्या तुकड्यांस पाणी वाटून देण्याची गावकऱ्यांनी चालविलेली जी वहिवाट, तिचेही नाव फडच. तीनचारशे वर्षे चाललेल्या ह्या वहिवाटीकडे आपल्या इतिहासकारांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. लढाया, तह आणि वतने ह्यांचे कागद जपून ठेवण्याची आपणांस सवय आहे. पाटाच्या पाळीचा हिशेब कोण जपणार? इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली ज्या धुळ्यात निवर्तले, आणि ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही जेथे दप्तरे सांभाळीत आहे, त्या शहरावरून वाहणारी पांझरा नदी हीच ह्या वहिवाटीची मुख्य भूमी होय, हा योगायोग मोठा चमत्कारिक वाटतो.

खानदेश हा काही वाळवंटी प्रदेश नव्हे. त्याची काळी माती तर प्रसिद्धच आहे. पण सह्याद्री ओलांडताना मेघ आपला बहुतेक भार पश्चिमेकडेच उतरवितात, आणि धुळ्याच्या वाट्यास वर्षाकाठी सरासरी 22 इंचांच्या आसपास पाऊस येतो. तोही चार महिन्यांत, आणि कधी येईल ह्याचा भरवसा नाही. मात्र पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांचे उगम डोंगरात असल्यामुळे पावसाळा सरल्यावरही त्यांत काही महिने पाणी खेळत असे. ह्या वाहत्या पाण्यावरच फडाचा सारा डोलारा उभा होता. मोसम व आरम ह्यांचा मुलूख, म्हणजे मालेगाव आणि बागलाण, हा आज नाशिक जिल्ह्यात मोडतो; 1869 साली तो जिल्हा होईपर्यंत त्याची गणना खानदेशातच होत असे.

बांधकामात भपका मुळीच नाही. नदीच्या पात्रात खडक पाहून ठेंगणा दगडी बंधारा घालावयाचा. त्याने पाणी साठवावयाचे नसून केवळ त्याची पातळी चढवावयाची. पूर आला तर तो माथ्यावरून निघून जातो. चढलेले पाणी बाजूच्या पाटात शिरते. हा पाट कोठे एक कोस, तर कोठे तीनचार कोस चालतो. त्याला चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून सारंग निघून पाणी शेताशी पोहोचते, आणि जास्त झालेले पाणी परत नदीकडे वाहून जावे म्हणून वाटा ठेवलेल्या असतात. एका बंधाऱ्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा अशी ही माळ असल्यामुळे वरच्या शेतांत मुरलेल्या पाण्याचा काही अंश झिरपून नदीत उतरे आणि खालच्या गावाच्या उपयोगी पडे. मोठमोठी धरणे गाळाने भरून निकामी होतात. ह्या बंधाऱ्यांना साठाच नसल्यामुळे गाळाचे फारसे भय नाही.

परंतु दगडांची ही रचना कोणताही चांगला गवंडी करील. खरी करामत माणसांच्या रचनेत आहे. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड पाडीत. हंगामाच्या आरंभी नदीत पाणी किती आहे ते पाहून पंच आणि शेतकरी एकत्र बसत, आणि कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू वा दुसरे भुसार, कोणत्याला ह्या साली पाणी नाही, हे ठरवीत. शक्यतो प्रत्येकाची थोडथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे उसाचा लाभ आणि कोरड्या फडाचा तोटा दोन्ही सर्वांत वाटले जात. पुढील साली फेरपालट होई, त्यामुळे जमिनीचा कस टिके आणि ती चिबड होत नसे. ठरलेला निवाडा अमलात आणण्यास माणसे नेमलेली असत. पाटकऱ्याने पाणी फिरवावयाचे, जागल्याने पीक राखावयाचे, आणि हवालदाराने ह्या दोघांवर नजर ठेवावयाची. त्यांचा मेहनताना पिकातूनच दिला जाई. पाटाचा गाळ काढण्यास दरसाल लाभधारकांनी स्वतः राबावयाचे, हाही दंडक होता.

ह्या व्यवस्थेचे मर्म एका गोष्टीत साठविलेले आहे. आपल्या मालकीच्या रानात काय पेरावयाचे, हे ठरविण्याचा हक्क शेतकरी गावाच्या हवाली करी, आणि त्याच्या मोबदल्यात पाण्याची हमी घेई. आज आपणांस हे बंधन जाचक वाटेल. ज्याने चार विहिरी खणल्या आहेत त्याला तर ते हास्यास्पदही वाटेल. पण आधी पाणी मोजावयाचे आणि मग पीक ठरवावयाचे, हा क्रम ज्या देशात पाऊस बेभरवशाचा आहे तेथे सोडून चालत नाही. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी देवळाच्या दारात शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय भरते, तेथे वकील नाही की लेखी कामकाज नाही. त्याचे कौतुक साऱ्या युरोपात होते. आमच्या पाटकऱ्याचे कौतुक करावयास मात्र कोणी फिरकले नाही. अर्थात फडात सगळे गोडच होते असे म्हणण्याचा भोळेपणा मी करणार नाही. पाणी जमिनीला होते, माणसाला नव्हते. ज्याला जमीन नाही, किंवा ज्याची जमीन पाटाच्या वर पडली, त्याला ह्या पंचायतीत जागा नव्हती. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे ह्यांनी 1970 नंतरच्या दशकात जी पाणी पंचायत उभारली, तिने घरातील माणसे मोजून पाणी दिले, भूमिहीनांसही वाटा ठेवला, आणि ऊस तर वर्ज्यच केला. ती ह्या बाबतीत फडाच्या पुष्कळ पुढे गेली.

1818 साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला तेव्हा मुलूख उजाड झालेला होता आणि कितीतरी बंधारे फुटून पडले होते. 1880 च्या खानदेश गॅझेटियरने अशा जुन्या कामांची दखल घेतलेली आहे. नव्या सरकारने काही दुरुस्त केले, काही नवे बांधले. ह्याच कामाच्या ओघात 1884 साली एक तरुण साहाय्यक इंजिनिअर धुळ्यास आला. साक्रीकडील दातर्ती गावी पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे पाणी नेणारा नळाचा सायफन बांधणे हे त्याचे पहिले काम. पावसाने अडथळा आणला म्हणून त्याने काम पुढे ढकलण्याविषयी लिहिले, वरिष्ठांना ते रुचले नाही, आणि मग त्याने हट्टाने ते तडीस नेले. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतील कालव्यांसाठी त्यांनी जी ब्लॉक पद्धत सुचविली, तिच्यात जमिनीचे सलग गट पाडून, उसाला त्यातील ठरावीक हिस्साच देऊन, पिकांची फेरपालट करावयाची होती. ज्याने फड पाहिला आहे त्याला ही योजना अनोळखी वाटणार नाही.

फड मोडले ते कोणी मोडले म्हणून नव्हे. स्वातंत्र्यानंतर नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली. गिरणेवरील धरण 1969 साली पुरे झाले, पांझरेवर लाटीपाड्याला झाले. त्यांनी पुष्कळांचे भले केले, पण बंधाऱ्यांना जगविणारा हिवाळी प्रवाह वरच अडला. त्यातच विहिरीवर विजेचा पंप आला. ज्याच्या विहिरीत पाणी त्याला पंचांची बैठक कशास हवी? त्याने आपल्या रानात आपल्या मर्जीचे पीक घेतले, आणि एका फडात एकच पीक हा नियम पहिल्याने तेथे तुटला. जळगावकडे तर केळीच्या बागांना ठिबकाने पाणी देण्यात शेतकऱ्यांनी जे कसब मिळविले ते वाखाणण्याजोगेच आहे. तथापि ठिबकाने एकाचे पाणी वाचते, भूगर्भातील पाणी किती जणांनी किती उपसावे हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो प्रश्न नळीचा नाही, बैठकीचा आहे.

2005 साली महाराष्ट्राने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला. पाणीवापर संस्था स्थापाव्यात, त्यांना घनमापाने पाणी मोजून द्यावे, आत वाटप त्यांनीच करावे, अशी त्याची योजना आहे; पीक कोणते घ्यावे ह्याची मोकळीक मात्र शेतकऱ्याला दिलेली आहे. म्हणजे फडाने जे बंधन घातले होते तेवढे वगळून बाकीचे सारे सरकारने कागदावर परत आणले. पांझरेच्या काठी काही जुने फड अद्याप कसेबसे चालतात. बंधारे बहुतेक शाबूत आहेत आणि पाटही ओळखू येतात; त्यांत पाणी येण्याचा दिवस मात्र आता नदी ठरवीत नाही, धरणाची कचेरी ठरविते.