४४६ बाइटांची जागा

हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बूट कोडला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला, उरलेले २ खुणेला. १९८३च्या पीसी डॉस २.० पासूनची ही वाटणी. आम्हा दुरुस्तीवाल्यांची निम्मी कटकट तिच्यातच. विंडोज पुन्हा टाकलं की ते तिथला कोड न विचारता बदलायचं. लिनक्स डिस्कवर शाबूत असायचं, पण गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, उडालं सगळं!"

तेव्हा लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर लिलो होता. सुरू होताना तो आपलं नाव एकेक अक्षराने उमटवी. ‘एलआय’वर अडकला, की डिस्कच्या मोजमापाचा घोळ किंवा त्याची फाइल हललेली. कर्नल बदलला तरी लिलो पुन्हा चालवावा लागे.

एरिक बोलिन यांनी १९९५मध्ये लिहायला घेतलेला ग्रब हा बूटलोडर फाइल सिस्टिम स्वतःच वाचतो, म्हणून ती यातायात संपली.

२०१२च्या विंडोज ८ नंतर जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय सर्रास झालं. आता बूटलोडर ही ईएफआय पार्टिशनमधली साधी फाइल, आणि बूटचा क्रम मदरबोर्डच्या मेमरीत. विंडोज की लिनक्स हे विचारणारा मेनू गायब झाला की मी आधी तो क्रम बघतो. बरेचदा ‘उबुंटू’ विंडोजच्या खाली गेलेलं असतं. वर घेतलं की काम फत्ते. कोणी थेट फॉरमॅटची भाषा करू लागला, तर आधी एवढं बघायला सांगा.