यजमान कोण? इंटरप्टच्या क्रमाचा इतिहास

सुरुवातीचे संगणक बाहेरील यंत्राला 'तुझे काम झाले का?' असे पुन्हापुन्हा विचारत बसत. त्यात बहुमोल वेळ वाया जाई. १९५४ साली अमेरिकेतील 'डायसिॲक' या संगणकात यंत्राने स्वतःहून 'लक्ष द्या' असा संकेत देण्याची सोय झाली. या संकेताला इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय, म्हणतात.

सोयीबरोबर अडचणही आली. संकेत कोणत्या क्षणी येईल, हे आधी सांगता येत नाही. हॉलंडमध्ये 'एक्स-१' या संगणकासाठी एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला; त्यांचा १९५९ सालचा प्रबंध याच कामावर आहे. पूर्वी प्रोग्रॅम पुन्हा चालवला की तीच चूक पुन्हा दिसे. आता ती खात्री उरली नाही.

हीच अडचण पुढे यूएसबी जोडणीत आली. १९९६ साली ही जोडणी आली, तेव्हा भूमिका ठरलेल्या होत्या : संगणक यजमान आणि माऊस, प्रिंटर ही उपकरणे. संभाषण नेहमी यजमानाने सुरू करायचे आणि ५ व्होल्टचा वीजपुरवठाही त्यानेच करायचा. २००१ साली 'ऑन-द-गो' ही पुरवणी आली आणि एकच यंत्र कधी यजमान, तर कधी उपकरण होऊ लागले. भूमिका ओळखण्यासाठी 'आयडी' नावाची पिन वाढवली. ती ग्राउंडला जोडलेली असेल तर आपण यजमान, मोकळी असेल तर उपकरण.

आता इंटरप्ट दोन झाले : 'आयडी बदलली' आणि 'वीज आली'. प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतलेला असला की दोन्ही साचतात. मग ते घडल्या क्रमाने नव्हे, तर ठरवून दिलेल्या अग्रक्रमाने हाताळले जातात. 'वीज आली' हे आधी कळले, तर यंत्राला वाटते, वीज पलीकडून आली; म्हणजे मी उपकरण. प्रत्यक्षात काही मांडण्यांत आयडी पिन खाली जाताच यंत्राने स्वतःच वीज सोडलेली असते! पलीकडचा पेनड्राइव्ह तर उपकरणच. मग दोघेही गप्प. दहा वेळा नीट चालून अकराव्या वेळी अडणाऱ्या अशा मांडण्या आम्ही प्रयोगशाळेत पाहिल्या आहेत.

उपाय साधा आहे. इंटरप्टला बातमी न मानता दारावरची थाप मानावी. थाप कोणतीही असो, संपर्क स्थिर होईपर्यंत काही मिलिसेकंद थांबावे, दोन्ही पिनांची त्या वेळची स्थिती वाचावी आणि मगच भूमिका ठरवावी. २०१४ सालच्या टाइप-सी जोडणीत आयडी पिन गेली, तिचे काम सीसी नावाच्या पिनांकडे आले. हा नियम मात्र टिकला.

वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो. पण घटना एकच असते. घटना आपल्याला ज्या क्रमाने कळतात त्याच क्रमाने घडल्या असे नाही, हे विद्यार्थ्यांना पटवायला आपल्या हातातली साधी केबलही पुरेशी आहे.