कडा कापलेले कार्ड

ऑक्टोबर २०१३. शिकागोच्या संघीय न्यायालयात बिल मास्ट्रो या नामांकित लिलावदाराने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. त्या कबुलीत एक जुनी गोष्टही होती : जगातील सर्वांत प्रसिद्ध बेसबॉल कार्डाच्या बाजूच्या कडा त्याने स्वतः कापल्या होत्या. कार्डांची प्रतवारी हा धंदा ज्या कार्डाच्या बळावर नावारूपाला आला, ते नेमके हेच कार्ड होते. त्याची ही हकीकत.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची लहानशी रंगीत कार्डे घालत असे. संग्राहक या मालिकेला 'टी-२०६' म्हणतात. पिट्सबर्ग पायरेट्सचा होनस वॅग्नर याने मात्र आपले चित्र वापरण्यास हरकत घेतली. मुलांच्या हाती तंबाखू जाऊ नये म्हणून की मोबदल्यावरून, यावर आजही वाद आहे. वॅग्नर स्वतः तंबाखू खात असे, हे जाता जाता सांगायला हवे. छपाई थांबली, आणि आज त्याच्या जेमतेम साठेक प्रती ज्ञात आहेत.

त्या बहुतेक प्रती मळलेल्या, दुमडलेल्या, कोपरे झिजलेल्या. यात नवल नाही. पोरे ती खिशात घालून हिंडत. म्हणूनच १९८५ साली मास्ट्रोने २५,००० डॉलरला घेतलेली, धारदार कोपऱ्यांची प्रत पाहून जाणकार थक्क झाले. दोन वर्षांत त्याने ती १,१०,००० डॉलरला विकली. १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी तिच्यासाठी ४,५१,००० डॉलर मोजले.

त्याच वर्षी पीएसए ही संस्था सुरू झाली. तोवर कार्डाची स्थिती म्हणजे विक्रेत्याचा शब्द. टपालाने मागवलेले 'जवळजवळ नवे' कार्ड हाती येई, तेव्हा त्याच्या कोपऱ्यांची पिसे निघालेली असत. नाण्यांच्या व्यापाराने हा प्रश्न आधीच सोडवला होता : तिऱ्हाईताने तपासायचे, आकडा द्यायचा आणि वस्तू बंद डबीत ठेवायची. तोच मार्ग कार्डांसाठी घेतला गेला. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र चौकटीच्या किती मध्यभागी आहे, हे पाहून १ ते १० अशी श्रेणी ठरू लागली. कापलेल्या कार्डाला श्रेणी द्यायचीच नाही, हा त्यातला मूळ नियम. कारण झिजलेली कड कात्रीने क्षणात नवी होते.

या संस्थेचे पहिल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र ग्रेट्झ्कीच्या वॅग्नरला मिळाले. श्रेणी : ८.

त्या आठाने काय केले, ते किमती सांगतात. २००० साली १२ लाख ६५ हजार डॉलर. २००७ मध्ये आधी २३ लाख ५० हजार आणि त्याच वर्षी पुढे २८ लाख. कार्ड तेच, कागद तोच. शंका घेणारे होते, पण डबी फोडून मोजमाप करायला लाखोंचा मालक कशाला तयार होईल? शिवाय प्रत्येक नव्या खरेदीदाराचे हित त्या आकड्यात गुंतत गेले. माझ्या मते हा केवळ एका लबाड माणसाचा दोष नव्हे. आकड्यावर विसंबण्याची सवय लागली, की वस्तूकडे पाहणे मागे पडते.

ती सवय आजही मोडलेली नाही. १९५२ च्या टॉप्स मालिकेतील मिकी मँटलचे ९ श्रेणीचे कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये दुसऱ्या संस्थेने ९.५ दिलेली प्रत १ कोटी २६ लाखांना. अर्ध्या श्रेणीचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण.

मास्ट्रोला २०१५ मध्ये २० महिन्यांची कैद झाली. लिलावात खोट्या बोली लावून किमती फुगवणे हा मुख्य आरोप होता. वॅग्नरचा भाव मात्र चढतच राहिला. २०२१ मध्ये ३ श्रेणीची एक प्रत ६६ लाख डॉलरला विकली गेली, आणि पुढल्या वर्षी २ श्रेणीची दुसरी ७२ लाख ५० हजारांना. दोन्ही झिजलेल्या होत्या.