दानियालच्या मुलांचा बाप्तिस्मा

मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका ख्रिस्ती बाईंच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. स्टाफरूममध्ये पाहुण्यांची यादी चालली होती. धर्मपिता कोण, धर्ममाता कोण, जेवायला किती ताटं. बाईंनी मला विचारलं, "सर, तुमच्यात अकीक्याला कोणाकोणाला बोलावता?" मी म्हटलं, बोलवायचे नसतात तेही येतात. सगळे हसले. मला मात्र आग्र्यातला एक बाप्तिस्मा आठवला. त्याची यादी बादशहाने केली होती.

ते वर्ष 1610. ज्यांचा बाप्तिस्मा झाला ती मुलं अकबराची नातवंडं होती, शहजादा दानियालची मुलं: तहमुरस, बायसंघर आणि होशंग. दानियाल आपल्याला परका नाही. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला तेव्हा मोगल फौजेचा मुख्य तोच होता. पुढे विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी त्याला दिली. 1605 मध्ये बुऱ्हाणपूरला दारूपायी तो गेला. त्याच वर्षी अकबरही गेला आणि मुलं काका जहांगीरच्या हाती आली.

जहांगीरच्या दरबारात तेव्हा जेरोम झेवियर हे जेझुइट पाद्री होते, गोव्यात ज्यांचं शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यातले. अकबराच्या वेळेपासून हे पाद्री बादशहाच्या बाप्तिस्म्याची वाट बघत होते. बादशहा काही आला नाही, त्याने पुतणे पाठवले.

थाट मोठा होता. मुलांना पोर्तुगीज कपडे घातले, गळ्यात सोन्याचे क्रूस, आणि हत्तीवरून शहरातून चर्चपर्यंत मिरवणूक. विल्यम हॉकिन्स हा इंग्रज तेव्हा आग्र्यात होता. तुर्की बोलता येत असल्यामुळे बादशहाशी त्याचं थेट बोलणं व्हायचं. सुमारे साठ ख्रिस्ती घोडेस्वार होते, त्यांचा पुढारी तोच होता आणि त्याच्यापुढे सेंट जॉर्जचा झेंडा होता. गंमत बघा, इंग्रज प्रोटेस्टंट आणि पोर्तुगीज कॅथलिक एरवी समुद्रावर एकमेकांची जहाजं लुटत, पण या बारशाला सोबत चालले! मोठ्याचं नाव दोन फिलिप ठेवलं, मधल्याचं दोन कार्लोस, धाकट्याचं दोन हेन्रिक.

हे सगळं कशासाठी? पाद्र्यांना वाटलं, आपली मेहनत फळाला आली. हॉकिन्स वेगळं सांगतो. तुझी मुलं नव्हे, भावाची मुलं गादीवर येतील, असं भाकीत बादशहाच्या कानावर आलं होतं. पुतणे ख्रिस्ती झाले की मुसलमान अमीर त्यांच्यामागे उभे राहणार नाहीत, असा त्याचा हिशेब. पुढे आलेला इंग्रज वकील टॉमस रो तिसरंच सांगतो, की पोर्तुगीज बायका मिळवण्यासाठी हे चाललं होतं. मला हॉकिन्सचं म्हणणं जास्त पटतं, कारण ज्या घराण्यात भाऊच भावाचा वैरी, तिथे पुतण्यांची भीती वाटणारच. शिवाय तुझुक-ए-जहांगीरीत बादशहा आपण मारलेल्या शिकारीचा, चाखलेल्या आंब्यांचा हिशेब देतो, पण या दिवसाबद्दल गप्प आहे. खरी श्रद्धा असती, निदान अभिमान असता, तर दोन ओळी आल्या असत्या.

आपल्याकडे धर्मांतर म्हटलं की लगेच दोन बाजू पडतात, कोणी फसवलं आणि कोण फसलं. इथे मुलं दहाच्या आगेमागे होती. त्यांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही, ना मौलवींनी, ना पाद्र्यांनी, ना काकांनी. बाप्तिस्म्यात धर्मपिता मुलाच्या वतीने होकार देतो. इथे खरा होकार बादशहाचाच होता.

1613 मध्ये पोर्तुगीजांनी बादशहाच्या आईचं रहीमी हे जहाज पकडलं आणि दरबारात पाद्र्यांचे दिवस फिरले. त्याच सुमारास मुलांनी क्रूस पाद्र्यांना परत केले आणि ती पुन्हा मुसलमान झाली. रोच्या म्हणण्याप्रमाणे कारण एवढंच, की कबूल केलेल्या बायका आल्या नाहीत.

जहांगीर 1627 मध्ये वारला. 1628 च्या सुरुवातीला शाहजहानच्या हुकमावरून लाहोरला गादीचे वारसदार संपवले गेले. त्यांत तहमुरस होता आणि होशंगही.

बाईंच्या नातवाच्या दावतीला मी आणि माझी बायको गेलो होतो. बाळ पाणी पडल्यावर जोरात रडलं, मग आजीच्या खांद्यावर झोपून गेलं.